सुनेचं वेगळं ताट

नेलपॉलिशचा लाल ठिपका वाळेपर्यंत सासूबाई ताटावर फुंकर घालत राहिल्या. मग ते ताट त्यांनी सुनेपुढे सरकवलं.

“आजपासून हे तुझं. वाटी, पेला, चमचा, सगळ्यांवर खूण केलीय. माझ्या भांड्यांत मिसळलंस तर याद राख.”

“बरं, आई.”

सून चार महिन्यांची गरोदर. काल दवाखान्यातून आली ती उंबऱ्यातच सांगून मोकळी झाली, की रक्तात कावीळ निघाली, बी नावाची. सासूबाईंना धड वाचता येत नव्हतं, पण कागदावरचा लाल शिक्का त्यांना बरोबर कळला. मुलगा शिवणयंत्रावर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागे घर. सासूबाईंनी त्याच दिवशी सुनेच्या हातची सुई काढून घेतली.

“तुझ्या बोटाचं रक्त गिऱ्हाइकाच्या कापडाला लागलं, तर दुकानाला टाळंच. तू आपली मापं घे.”

“मग तुमच्यापासूनच सुरुवात करते. नवीन ब्लाउज राहिलाय तुमचा.”

सुनेने टेप लावली, आकडा पाहिला, पुन्हा लावली. दंड उतरले होते. कंबर मात्र तीन इंचांनी वाढली होती.

“काय टक लावून बघतेस? घरचं खाते, सुखाने फुगते. तुझ्या डोळ्यांत का खुपतं?”

“काही नाही, आई. थोडं सैल ठेवते.”

जेवताना सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. “बाळंत झाली की हिने माहेरी जायचं. मूल इथे राहील. आमच्या रक्तात असली घाण नाही. हिनेच बाहेरून आणली.”

मुलाचा घास हातातच राहिला. “आई, अगं...”

“तू गप जेव,” सून हळूच म्हणाली, आणि तो गप जेवला. बायकोच्या पदराला बांधलेला तो बांधलेलाच, असं मनात म्हणत सासूबाई पाणी प्यायल्या.

चार दिवसांनी दवाखान्यातली सिस्टर आली. ठिपक्यांची भांडी बघून तिला हसू आवरेना.

“आजी, ही नक्षी कशाला? ताटातून ही कावीळ लागत नाही.”

“मला शिकवू नकोस. कावीळ खाण्यापिण्यातूनच होते. माझ्या माहेरी अख्खी गल्ली पिवळी झाली होती.”

“ती ए नाहीतर ई. घाण पाण्याची. पाणी उकळा, हात धुवा, ती टळते. ही बी. रक्तातून जाते. सुई, वस्तरा, नवरा-बायकोचा संबंध, आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला. वर्षानुवर्षं आत बसते, माणसाला पत्ता नसतो. घरात नेलकटर किती?”

“एकच. घरात काय, दुकान लावायचंय नेलकटरांचं?”

“मग ताटं राहू द्या, नेलकटर वेगळे करा. बाळ झालं की पहिल्याच दिवशी लस, चुकवायची नाही. आणि आज सगळ्यांचं रक्त घेते.”

“सगळ्यांचं म्हणजे? मला काय धाड भरलीय? तीन बाळंतपणं घरात झाली माझी. दवाखान्याची पायरी चढले नाही कधी.”

सिस्टर काही बोलणार, एवढ्यात सून खाली बघत पुटपुटली, “जाऊ द्या ना, सिस्टर. आईंना नका टोचू. उगाच त्यांच्यातच काही निघालं तर?”

सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी बाही खांद्यापर्यंत सरकवली.

“काढ गं! बाटलीभर काढ! माझं निर्मळ निघू दे, मग बाळंतपणाचीही वाट बघणार नाही. त्याच दिवशी हिची पाठवणी.”

आठवड्यानंतर सिस्टर पाकीट घेऊन आली. सुनेची पिशवी सासूबाईंनी दाराशी भरून ठेवायला लावली होती.

“आपण आत बसू या, आजी.”

“इथेच सांग. घरचेच आहेत.”

सिस्टरने आवाज खाली आणला. “तुमच्या रक्तात बी आहे. फार जुनी. लिव्हर सुजलंय, पोटात पाणी भरतंय असं वाटतं. उद्याच मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. औषध आहे, पण आता दिवस घालवू नका.”

सासूबाईंनी सुनेकडे बोट केलं. तावातावाने बाही वर सरकवली. “हिनेच दिली मला. हिच्याच रक्तात...”

“यांच्या?” सिस्टर गोंधळली. “यांचं तर पहिल्यापासून स्वच्छ आहे. लसही चालू आहे. तो लाल शिक्क्याचा कागद तुमच्या मुलाचा होता. त्याला ती जन्माच्या वेळी तुमच्याकडूनच आली असणार.”

यंत्र थांबलं. मुलगा तोंड झाकून बसला होता. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे.

“खोटं बोललीस? इतके दिवस माझे जोडे खाल्लेस ते कशासाठी गं?”

सुनेने त्यांची वर सरकलेली बाही हलकेच खाली ओढली.

“सरळ सांगितलं असतं, तर हात पुढे केला असतात का, आई?”