चौथं बटण

तिनं चौथं बटण दाबलं आणि रिमोटवरचा बारीक लाल दिवा लागला.

पाचवं दाबलं, तर तो दिवा तीनदा नुसताच लुकलुकला. याचा अर्थ टीव्हीवाल्यानं बसवतानाच सांगितला होता, "ताई, बटणाला टीव्ही जोडलेला असला तर दिवा एकदाच लागतो. रिकामं असलं तर तीनदा लुकलुकतो." घरात टीव्ही तीन. मग हा चौथा कुणाचा?

तीन टीव्ही हीच मुळात डोकेदुखी होती. दुकान बंद होताना स्वस्तात मिळाले म्हणून नवऱ्यानं एकाच कंपनीचे तीन उचलून आणले. तिन्ही खोल्या एका रांगेत, दारं सताड उघडी. हिनं बाहेर बातम्या लावल्या की आत सासूबाईंची मालिका ऐन रडारडीत गायब व्हायची. शेवटी टीव्हीवाल्यानं सगळ्यांना पुरेल असा एकच रिमोट आणला. एक नंबर बाहेरच्या खोलीचा, दोन सासूबाईंचा, तीन झोपायच्या खोलीचा. घरात शांतता झाली.

ती टिकली ती दुपारी चारपर्यंतच. नवरा शिंपी. दुपारी दुकान बंद करून घरी यायचा, जेवून लवंडायचा आणि चारच्या ठोक्याला रिमोट खिशात घालून बाहेर पडायचा. "सेल बदलून आणतो," म्हणायचा. रोज सेल बदलायला तो रिमोट होता की आगगाडीचं इंजिन? तासाभरानं परतायचा तो गालातल्या गालात हसत. इतके दिवस तिनं मनावर घेतलं नव्हतं. आता तो चौथा दिवा डोळ्यांसमोरून हलेना.

तिनं टीव्हीवाल्याला फोन केला. तो आधी खोकला, मग म्हणाला, "ताई, ते तुम्ही दादांनाच विचारा." चोराच्या मनात चांदणं, असं तिला वाटलं. दोघं मिळालेले होते तर.

याच माणसासाठी तिनं तेरा वर्षांपूर्वी वडिलांचं घर सोडलं होतं. "त्याचं पाऊल माझ्या उंबऱ्याला लागता कामा नये," वडील म्हणाले होते. "मग माझंही लागणार नाही," असं म्हणून ती घराची पायरी उतरली होती, ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही. आणि आता याच्या खिशात दुसऱ्या घराचं बटण. तिला रडू आलं नाही. संताप आला.

चार वाजता तो निघाला. ती मागोमाग. धोब्याचं दुकान, पिठाची गिरणी, मग एक अरुंद बोळ. बोळाच्या टोकाला बैठ्या खोल्या होत्या. त्यांतल्या शेवटच्या खोलीच्या खिडकीखाली एक लाकडी खोकं उलटं घातलेलं होतं. नवरा सवयीनं त्यावर बसला. खिशातून रिमोट काढला, खिडकीच्या गजांतून आत धरला आणि बटण दाबलं. आतला टीव्ही बोलू लागला. नवरा हसला.

'आत कोण बसलीये ते बघतेच,' असं म्हणून ती दोन पावलं पुढे झाली. तेवढ्यात आतून आवाज आला.

"आवाज वाढव जरा."

ती जागीच थांबली. या आवाजानं तिला लहानपणी पाढे म्हणायला लावले होते.

"अहो," ती कशीबशी म्हणाली.

नवरा ताडकन उठला. रिमोट पाठीमागे लपवायला गेला, मग त्याचं त्यालाच हसू आलं.

"बाबा इथे कधी आले?"

"चार महिने झाले. त्यांचा टीव्ही आपल्याच टीव्हीवाल्यानं बसवला, त्याच्याकडून कळलं. बोटं पार आखडलीत, रिमोट धरता येत नाही. शेजारीण दोन वेळचं जेवण देते. पण दुपारचं कोण बसणार त्यांच्यापाशी?"

"त्यांना माहितीये तुम्ही असता ते?"

"नाव घेत नाहीत. हवेला सांगतात, आवाज वाढव. मी वाढवतो."

"आणि बाहेर का बसता?"

"उंबऱ्याला पाय लावायचा नाही म्हणाले होते ना? नाही लावला." तो खाली बघत म्हणाला, "तुला सांगणार होतो गं. पण तू धावत आली असतीस, आणि त्यांनी पुन्हा हाकललं असतं तर? मला नसतं बघवलं ते."

तिला स्वतःचीच लाज वाटली. सकाळपासून तिनं या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. तिनं त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत चौथं बटण दाबलं. आतला टीव्ही बंद पडला. बोळात एकदम शांत झालं. गिरणीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बंद का केलास?" आतून आवाज आला.

आत खुर्ची करकरली.

"आज दोघं आलायत वाटतं."

तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. तो निघायला वळला होता.

"दार ढकला," म्हातारा म्हणाला. "शेजारणीला कडी लावू देत नाही मी. चार महिने झाले."