एकाच ताटातला पाव

पाववालीचा नवरा पळवणारी तिचीच धाकटी बहीण आज बिनदिक्कत चर्चमध्ये आली आणि नेमकी तिच्याच बाकावर टेकली. पाववालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक पाळकांकडे गेली. “प्रभुभोजनात सगळ्यांना वाटायचा पाव पहाटे मी भाजलाय. त्या बयेला कणभरही मिळता कामा नये.” “भट्टीत होता तोवर तुझा, बाई,” पाळक म्हणाले, “टेबलावर आला की प्रभूचा. जो दगा देणार होता, त्यालाही प्रभूने शेवटच्या जेवणात स्वतःच्या हाताने घास दिला.” “प्रभूला ठाऊक नसेल.” “ठाऊक होतं.” ती जागेवर परतली. नवरा गेला, बहीण गेली. आता देवही त्यांच्याच पंगतीला बसला. पावाचं ताट हातोहात तिच्यापर्यंत आलं. शेजारून ओंजळ पुढे झाली. “ताई…” देव तिला पहिल्यांदाच नीट कळला, आणि मुळीच आवडला नाही. तोंड फिरवून तिने ताट पुढे केलं.