सीलबंद बाटली

फायबरच्या जुन्या होडीला त्याने पहिल्यांदाच हौसेने ठिगळ मारलं, पण तीन दिवस झाले तरी रेझिन सुकेना. तेव्हा तो तडक दुकानात गेला आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हाताऱ्या दुकानदाराला “भेसळीचा माल विकता” असं सुनावून आला. आज म्हातारा स्वतःच नवा डबा घेऊन अंगणात हजर झाला. त्याने ठिगळावर बोट टेकवलं, ते चिकटलं. मग दोघांचीही नजर फळीवर गेली. रेझिन ज्याने सुकतं त्या हार्डनरची बाटली तिथे सीलबंद उभी होती. तेवढ्यात होडीवाल्याची बायको चहा घेऊन आली. म्हाताऱ्याने बाटली मुठीत घेतली. “ताई, ही माझ्याकडूनच द्यायची राहिली होती.” “तरी हे म्हणतच होते,” ती म्हणाली. “असू द्या काका, होतं असं,” तो बोलून गेला, आणि म्हाताऱ्याच्या चिकट बोटाकडे त्याला बघवेना.