शेजारधर्म

सनोबरच्या परसामागून गॅसची मोठी पाइपलाइन सीमेपार कझाकांकडे जाते. ते डॉलर मोजतात, म्हणून थंडीत आधी त्यांचं भागतं. सरकार त्याला शेजारधर्म म्हणतं.

मुलाच्या फोनची वेळ झाली तशी तिने अंगातला जाड कोट काढून लपवला. मागच्या हिवाळ्यात घरात गॅस नाही असं ती बोलून गेली, तर पोरगा सीमेपार अल्माटीतलं काम टाकून लाकडं फोडायला धावत आला होता.

पडद्यावर एलमुरोद बनियनवर बसला होता. "ओयीजान, इथं इतकं उकडतंय की खिडकी उघडलीय. आपलाच गॅस ना हा. तुमच्याकडे तर भट्टीच झाली असेल घराची."

"तर काय. घाम फुटलाय नुसता."

"मग तोंडातून वाफ कसली निघतेय तुमच्या?"

तिने घाईघाईने शेजारचा पेला ओठांशी नेला. "चहाची रे बाळा. आत्ताच ओतलाय."

"जरा निवू द्या, जीभ पोळेल," तो हसून म्हणाला.


सनोबरने पेल्यातल्या बर्फावर हळूच फुंकर घातली.