कोपराचं दुखणं

दुखायचं काही कारणच उरलेलं नव्हतं, तरी सत्यजीत कोपर दुखतंय म्हणून दिवस दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचा, हे म्हाळसाबाईला मुळीच पटत नव्हतं. तिच्या घरात असली दुखणी कुणी केली नव्हती. ती स्वतः विंचू चावल्यावरही दोन वाफे कांदा काढून मगच घरी आली होती, आणि हे साऱ्या निमोणे गावाला तोंडपाठ होतं.

त्यात सुनेचे लाड. अपेक्षा दौंडच्या रेल्वेवाल्याची लेक. नवऱ्याला भाकरी कुस्करून द्यायची, शर्टाची बटणं लावून द्यायची. पाळणा तेवढा बांधायचा राहिलाय, म्हाळसाबाई म्हणायची.

पहिल्यांदा दुखलं तेव्हा तिनं नावं ठेवली नव्हती. लेक रांजणगावच्या कंपनीत दिवसभर पान्यानं नट आवळायचा. उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ यायला लागली, चहाचा कप उचलेना. शिरूरला रेचल मॅडमकडं नेलं, फिजिओथेरपीला. मॅडमनी टेनिस एल्बो सांगितलं. ह्यानं जन्मात विटीदांडूपलीकडं काही खेळलं नाही, मग हे कुठनं आलं, असं म्हाळसाबाईनं विचारल्यावर मॅडम हसल्या. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची दोरी त्या हाडाला धरलेली असते, सारखं आवळून पिळून ती झिजते, हे त्यांनी तिच्याच हातावर दाबून दाखवलं. हात सरळ करायचा, तळवा खाली, मनगट दुमडून तीस आकडे मोजायचे. मग पाण्याची अर्धी बाटली मुठीत धरून मनगट सावकाश खाली सोडायचं. दीड महिन्यात कळ गेली. पोरगा कामाला लागला.

आखाडात तो घरी बसला, आणि तीच कळ, त्याच जागी, परत आली. या खेपेला ती झोपू देईना.

दिवाळी झाली. कंपनीनं गेटवर बसायचं काम देऊ केलं, सोमवारी हजर व्हायला सांगितलं. सत्यजीतनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शुक्रवारी अपेक्षानं सासूला चुलीमागं नेऊन सांगितलं, की हे आता दुपारचे विहिरीच्या काठावर जाऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, तिथं दुखणं ऐकू येत नाही.

शनिवारी म्हाळसाबाई त्याच्याबरोबर शिरूरला गेली.

तिथला प्रकार बघून तिचं डोकंच फिरलं. मॅडमनी टेबलावर आरसा उभा केलेला, सत्यजीत त्यात बघत डाव्या हाताचा व्यायाम करतोय. ती म्हणाली, बैल लंगडला तर आम्ही गाडीवानाला नाल ठोकत न्हाई. दुखतंय उजवं आन् दवा डाव्याला. पहिल्या खेपेला हसणाऱ्या मॅडम या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी सत्यजीतला विचारलं, आज कसं वाटतंय.

त्यानं डोळे मिटले.

"वाकलंय. मूठ आवळलेली हाय. वर कायतरी जड ठिवलंय जणू. सरळच व्हईना."

"आरशात बघा," मॅडम म्हणाल्या. "हळूहळू सरळ करा. झालाय सरळ, असं मनाला वाटू द्या."

घामानं त्याची पाठ भिजली. म्हाळसाबाईनं लेकाला असं लहानपणी तापातसुद्धा पाहिलं नव्हतं.

निघताना मॅडम तिच्याशी हळू बोलल्या. "आजी, तो नाटक करत नाही. एकदा हात सरळ झाला, असं त्याला पटलं ना, की दुखणं सुटेल."

 घरी सत्यजीतचे आबा, शंकरराव, कडबा तोडत बसले होते. चपला न काढताच तिनं नवऱ्याला एकच गोष्ट विचारली. त्यांचा कोयता थांबला. पाऊस होता, ते म्हणाले. घाई झाली. जागा पुरली नाही. 

रविवारी जेवणं झाल्यावर घर आडवं झालं तेव्हा म्हाळसाबाईनं कुदळ घेतली. अपेक्षा मागं निघाली तर तिला दारातच थांबवलं, बांधावर काम हाय, तू यायचं न्हाई.

चार वाजता ती आली. हात दंडापर्यंत मातीनं भरलेले. उंबरा ओलांडला नाही. अपेक्षाला हंडा आणायला लावून अंगणातच नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरनं पाणी ओतून घेतलं. पाणी गारढोण होतं, तरी सुनेला एक शब्द बोलली नाही. अपेक्षाला भीती वाटली ती त्याचीच.

केस निथळत ती लेकाच्या खाटेशी जाऊन बसली. तो भिंतीकडं तोंड करूनच होता.

"सत्या," ती म्हणाली, "तू सोंग करत न्हवतास. मशीनीत गेलेला तुझा हात दवाखान्यानं फडक्यात बांधून दिला, तवा तुझ्या आबांनी घाईघाईत कोपरात मोडून बांधावर पुरला, वर धोंडा ठिवला. म्या आज उकरून सरळ निजवलाय, बोटं सुदिक मोकळी केली. उद्या कामावर जा."