पिवळी रेघ

ट्रकचा हॉर्न कानाशी किंचाळला, तेव्हा कुठे सदाशिवरावांना कळलं की आपण चुकीच्या बाजूने चाललो आहोत. त्यांनी कचकन स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी मुरमावर उतरली, खडखडली आणि बंद पडली. ट्रकवाल्याने आपली गाडी पार पलीकडे खाली घातली होती, म्हणून निभावलं. शेजारच्या सीटवर विमलताई दचकून जाग्या झाल्या. तेवढ्यात शिट्टी वाजली.

वळणावरच्या बाभळीखालून हवालदार आला. हातात चलानाचं मशीन.

“काका, खाली उतरा. सलग पिवळी रेघ आहे इथं. आत्ताच नवीन मारली. दिसली नाही का तुम्हाले?”

सदाशिवराव दार उघडून खाली उतरले.

“दिसली,” ते म्हणाले. “घाई होती, म्हून घातली गाडी.”

उभ्या जन्मात त्यांनी वळणावर कुणाला मागे टाकलं नव्हतं. पण आता बेफिकीर ठरलेलं परवडलं असतं, खरं सांगणं परवडत नव्हतं. दिवाळीत डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बजावलं होतं, पडदा खराब झालाय, यापुढे गाडीला हात लावू नका. घरी येऊन ते एवढंच म्हणाले होते, की चष्म्याचा नंबर वाढला. दुसरं काय सांगणार? विमलताईंना मुकुटबनहून वणीला डायलिसिसला न्यावं लागे, आठवड्यातून तीनदा, चुकवून चालायचं नाही. एसटीने परतताना त्या एकदा चक्कर येऊन पायरीवरच कोसळल्या होत्या. भाड्याच्या गाडीवाल्याने ऐनवेळी फोन उचलायचं बंद केलं. मुलगा अमर पुण्याला होता, इकडे या म्हणायचा. पण गाव सोडायचं नाव काढलं की विमलताई भाकरीला शिवत नसत.

सदाशिवरावांना रस्ता धुरातून पाहावा तसा दिसे. रोजचा रस्ता, म्हणून हाताला सवय होती. आणि विमलताईंची बडबड होती. ‘बाप्पा, केवढा ट्रक येऊन राह्यला तो.’ ‘पाहा, बंडी चालली समोरून, बैल किती वाळले.’ ‘हे वळण आलं की मले भेवच वाटते.’ आजारपणाने हिची जीभ सैल झाली, असं त्यांना वाटायचं. ते हूं हूं करत ऐकायचे, त्या बोलण्यावरून गाडी हळू करायचे, आणि हिला काही कळत नाही म्हणून मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकायचे. आज डायलिसिसवरून उठतानाच विमलताईंच्या अंगात त्राण नव्हतं. अर्ध्या वाटेवर बोलता बोलता त्या गप्प झाल्या. झोपू दे बिचारीला, म्हणून त्यांनी हाक मारली नाही.

हवालदाराने मशीन खाली घेतलं.

“काका, समोरची पाटी वाचून दाखवा बरं.”

समोर निळसर काहीतरी होतं. सदाशिवरावांनी डोळे बारीक केले, मान तिरपी केली.

“वणी,” त्यांनी ठोकून दिलं.

“वणी मागं राह्यली, काका,” हवालदार म्हणाला. मग त्याने हात पुढे केला. “चावी द्या.”

सदाशिवरावांनी हात जोडले. मुलाच्या वयाच्या माणसापुढे जोडले.

“दंड लागन तेवढा लावा, साहेब. चावी नका घेऊ. परवा पुन्हा न्यायचं आहे हिले. नाही नेलं तर जगत नाही ते.”

“आन् त्या ट्रकात होता त्याचं काय?” हवालदार हळूच म्हणाला. “तुमच्या गाडीत बसल्या त्यायचं काय?”

सदाशिवरावांनी चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. पण त्याचा हात सोडला नाही.

“एक करा,” ते कुजबुजले. “डोळ्याचं तिच्यासमोर बोलू नका. तिले माहीत नाही. कळलं तर उद्यापासून दवाखान्यातच येणार नाही ते.”

हवालदाराने मान हलवली आणि तो गाडीकडे गेला. विमलताईंनी काच खाली केलीच होती. दंडावरची पट्टी दाबून धरत त्या सरळ बसल्या.

“काकू, मी सोडून देतो तुम्हाले घरी,” तो म्हणाला. “काकांनी लाईन ओलांडली, म्हून त्यायच्या नावानं चलान—”

“त्यायच्या नावानं नका फाडू, साहेब,” विमलताई म्हणाल्या. “दिवाळीपासून रस्त्यावर नजर माहीच राह्यते. आज मले डुलकी लागली.”