चाळीस किलो खरं

कॅलिफोर्नियातल्या लगुनाच्या दरीत अकरा जण एकाच घरात राहत होते. खोटं बोलायचं नाही आणि घरोघरी चरस पोचवून व्हिएतनामचं युद्ध थांबवायचं, असं त्यांचं ठरलं होतं. म्हणून त्यांच्यातला रॉइस थेट अफगाणिस्तानात कंदाहारला गेला आणि व्हॅनच्या दारांमध्ये चाळीस किलो चरस भरून बोटीने परत आला.

बंदरावर कस्टमच्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने त्याच्या जटांकडे बघत विचारलं, "बोला महाराज, काय आणलंत?"

रॉइसने एकदा व्हॅनच्या दारांकडे पाहिलं. पण ठरलं म्हणजे ठरलं. "चरस. चाळीस किलो. दारांमध्ये भरलाय."

अधिकारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "चल, पळ! आणि घरी जाऊन आधी अंघोळ कर."

घरी पोचल्यावर रॉइसने सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोणीच हसलं नाही.

"तू खरं सांगितलंस आणि त्यांनी तुला सोडलं?" घरातला सगळ्यात मोठा, ड्वाइट, म्हणाला. "बदल्यात पोलिसांना काय कबूल करून आलास?"

"काही नाही रे! आईशप्पथ."

सगळे त्याच्यापासून थोडे सरकून बसले. तेवढ्यात रॉइसची बायको मार्नी उठली. "माझा आहे तुझ्यावर विश्वास," म्हणत तिने सगळ्यांसमोर त्याला कडकडून मिठी मारली. रॉइसला भरून आलं.



मग त्याच्या लक्षात आलं, की तिचे हात त्याच्या सदऱ्याखाली पोलिसांचा मायक्रोफोन लपवलाय का, ते चाचपत होते.